डोस जास्त पडलाय

सोमवार, ता. ११, संध्याकाळी सहा
वॉर्ड चारच्या बाहेरचं बाकडं

ताई,

अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, माझा नंबर बंद करून ठेवलायस, सहा वर्षं झाली, आणि त्यावरून भांडायला मी आज बसलेली नाही. सातची बस घेऊन ड्रायव्हरमामा तुझ्याच गावावरून जातात. त्यांच्याकडे हे देतेय. सकाळी परतीच्या फेरीत, तू तुझं चष्म्याचं दुकान उघडायच्या वेळी, तुझ्या हातात पडेल.

पहिलं सांगते, बाबा ठीक आहेत. थोडा खोकला आहे. इस्पितळात खाट मिळाली म्हणून एक दिवस ठेवून घेतलंय, इतकंच. घाईने धावत येऊ नकोस.

आता झालं ते. सकाळी दहा चाळीसला आरोग्य केंद्रात फोन आला, मागच्या गल्लीतल्या गोदामाला आग लागली म्हणून. डॉक्टर बैठकीला गेलेले. मी आणि नवी सिस्टर, दोघीच. ती बिचारी तीन महिन्यांपूर्वी लागलेली, तिचं तोंड चुन्यासारखं पांढरं. मी म्हटलं, पिशवी उचल आणि माझ्या मागे चल, घाबरायचं नंतर, आत्ता वेळ नाही.

आमच्याकडे अशा वेळी एक फॉर्म भरतात. पहिल्या ओळीत तीन गोष्टी. प्रकार काय: निसर्गाने आणलेली आपत्ती की माणसाने, आणि माणसाने तर कसली, आग, पडझड, विषारी वायू, काय ते. वेग काय: एकदम आली की मुरत मुरत आली. आणि आवाका किती: आपल्याच्याने निभतंय, शेजारच्या केंद्रांना हाक मारायची, की वरूनच मदत मागायची. मी गल्लीच्या तोंडाशी उभ्या उभ्या लिहिलं. मानवनिर्मित, आग. एकदम. शेजारच्यांना हाक. काळा धूर दिसत होता, लोक ‘आग, आग’ ओरडत होते, फोनवरही आगच सांगितली होती. मग आणखी काय लिहायचं? पुढचं सगळं त्या ओळीच्या मागून येतं. कुठली औषधं काढायची, माणसांना कुठे बसवायचं, कुणाला घरी सोडायचं. नव्या मुलींना मीच शिकवते, पहिली ओळ चुकली की सगळं गणित चुकलं.

मग पट्ट्या. तुला एकदा दाखवल्या होत्या, मनगटाला बांधायच्या, चार रंगांच्या. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. पिवळी म्हणजे थोडा वेळ थांबू शकेल. हिरवी म्हणजे चालता येतंय, बोलता येतंय, त्याची काळजी नको. काळी म्हणजे… ते तुला माहीत आहे. मी मोठ्याने ओरडले, ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या पिवळ्या भिंतीकडे चालत जा! एकेचाळीस माणसं चालत गेली. एकेचाळीस हिरव्या. लाल सात, पिवळ्या बारा, काळी एक. एकसष्ट माणसं मी पंचवीस मिनिटांत लावली. मोठे डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, सिस्टर, असं काम पुस्तकातसुद्धा होत नाही.

बाबा कुठून आले विचारशील. भाजी आणायला निघाले होते. गोदामाचा मागचा दरवाजा अडकलाय म्हटल्यावर पिशवी टाकली आणि शिरले आत. बहात्तर वर्षांचा माणूस! पॅकिंगच्या अकरा बायका त्यांनी बाहेर काढल्या. आयुष्यभर पाणीपुरवठ्यात काढलं, व्हॉल्व्ह आणि कड्याकोयंडे त्यांना कुणी शिकवायला नकोत. आज गल्लीभर त्यांचंच नाव आहे.

मघाशी मी त्यांना पाणी दिलं. ग्लास नाकाशी नेला, भुवया वर केल्या आणि म्हणाले, “डोस जास्त पडलाय.” म्हणजे समज, ठणठणीत आहेत. आपल्या घरात पाणी प्यायच्या आधी हे नळाच्या औषधाचं वाक्य ऐकून ऐकून आपण मोठ्या झालो. आई म्हणायची ना, लग्नाआधी मुलगी बघायला आले तेव्हा पाण्याचा ग्लास हुंगून हेच बोलले, मला वाटलं माझ्याबद्दल बोलतायत.

माझ्या पायात आज दोन वेगळे मोजे आहेत. आत्ता दिसले. सकाळपासून एकालाही दिसले नाहीत.

बस आली. घाई करू नकोस.

तुझी धाकटी


मंगळवार, ता. १२, सकाळी साडेसहा
केंद्राचं टेबल

ताई,

कालचं पत्र खोटं होतं. निघून ये. हे वाचशील तेव्हा दुकानाचं शटर अर्धं असेल तर तसंच खाली ओढ आणि निघ.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. काल ते पत्र लिहीत होते तेव्हा बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ते पाणी वगैरे खरं, पण मास्क बाजूला करून, दोन शब्दांत, आणि मग पाच मिनिटं खोकत होते. आणि ते पत्र लिहायच्या एक तास आधी एक बाई गेली होती. मला माहीत होतं. तरी मी तुला मोजे सांगत बसले. माझं मलाच कळत नाही मी अशी कशी लिहीत बसले. हात आपोआप चालत होता.

ती आग नव्हती गं. म्हणजे आग होतीच, पण आग थोडी आणि वायू फार. गोदामात पाण्याच्या टाक्या निर्जंतुक करायच्या पावडरीची पिंपं होती आणि शेजारी ॲसिडचे कॅन. तापून फुटले, एकात एक मिसळले. क्लोरीन. तो छातीत गेला की माणूस आधी खोकतो, डोळे पुसतो, आणि मग बरा दिसतो. चालतो, बोलतो, हसतो. आतल्या आत फुप्फुसात पाणी भरत असतं, आठ तास, बारा तास. अशा माणसाला पहिलं काय करायचं तर टेकवून बसवायचं. एक पाऊल चालू द्यायचं नाही. चाललं की मरण जवळ येतं.

आणि मी त्यांना चालायला लावलं. जो चालेल तो हिरवा! आगीत बरोबर आहे, इमारत पडली तर बरोबर आहे. इथे मी हिरवी पट्टी बांधून सगळ्यांना म्हटलं, काही नाही झालेलं, भरपूर पाणी प्या आणि चालत घरी जा.

ती बाई पॅकिंगची मावशी. बाबांनी ओढून काढलेल्या अकरांमधली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “सिस्टर, तुमच्या वडिलांना सोन्याचं कडं घालायला पाहिजे.” मी म्हटलं, मावशी, आधी घरी जा, पोरं वाट बघत असतील. ती घरी गेली. तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून गेली, ताई. दारात पोचली, सुनेला म्हणाली जरा दम लागलाय, आणि उंबऱ्यातच बसली ती उठलीच नाही. पाचला तिचा मुलगा तिला हातावर घेऊन केंद्रात आला. तिच्या मनगटाला माझी पट्टी होती. माझ्या हातची गाठ.

तुझं पत्र बसमध्ये दिलं तोवर गोदामात पिंपं सापडल्याचं कळलं, मग मी धावले. या भागातलं प्रत्येक घर मला तोंडपाठ आहे. कुठे लस द्यायचं बाळ, कुठे साखरेचा म्हातारा, कुठला कुत्रा चावतो. एकेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांना मी आणि नव्या सिस्टरने रात्री नऊपर्यंत घराघरांतून उचलून आणलं. एक जण तर चांगला व्यायाम करत होता, म्हणे छाती मोकळी होईल! त्याला मी सगळ्यांसमोर इतकं झापलं की त्याची बायको माझ्यावर धावून आली. अकरा जण भरती आहेत. बाकीचे वाचतील असं मोठे डॉक्टर म्हणतात.

एकेचाळिसावे बाबा.

होय. त्यांच्याही मनगटाला मीच हिरवी बांधली. ते म्हणाले होते, छातीत आवळल्यासारखं होतंय गं. आणि मी… ऐक, हे नीट ऐक. रांगेत त्यांच्या मागे वीस माणसं उभी होती. सगळ्यांना माहीत, हे सिस्टरचे वडील. मला वाटलं, आत्ता ह्यांना पिवळी बांधली, बाजूला निजवलं, तर लोक म्हणतील आपला तो बाब्या. मी म्हटलं, बाबा, चालता येतंय ना? मग हिरवी. त्यांनी हात पुढे केला. म्हणाले, “बांध, हवालदार.”

अजून मला हवालदारच म्हणतात.

सहा वर्षांपूर्वीही मी अशीच वागले ते तुला सांगायला नको. साथीत, तू अजून याच वस्तीत राहायचीस तेव्हा, तुझ्या दारावर तो लाल बोर्ड मी माझ्या हाताने लावला. आई दोन गल्ल्यांवर शेवटचे श्वास मोजत होती, तू खिडकीच्या गजांना धरून ओरडत होतीस, पाच मिनिटं सोड, लांबून बघते, आणि मी रस्त्यात वही घेऊन उभी होते. सोडलं नाही. तुझ्या घरात दोघांना ताप होता, माझ्या मागे सगळी वस्ती होती. तेव्हाचा नियम बरोबर होता, ताई. मी आजही तेच म्हणेन. पण तू म्हणालीस ना, “तुझ्या रजिस्टरात मी एक घर नंबर आहे, बहीण नाही,” तेही बरोबर होतं.

काल मी तुला लिहिलं घाई करू नकोस. म्हणजे दुसऱ्यांदा मी तुझ्या दारावर बोर्डच लावला. तो आज काढतेय. ये. बाबा काल संध्याकाळपासून दाराकडे बघतायत. मी आत गेले की नजर वळवतात. मला बघायचं नसतं त्यांना, तुला बघायचंय.

सकाळच्या बसने हे पाठवते, तिथे मामांच्या हाती पडेल.

धाकटी


बुधवार, ता. १३, दुपारी तीन
वॉर्ड चार, खिडकीशी

ताई,

ड्रायव्हरमामा म्हणाले, दोन्ही पत्रं तुझ्या हातात दिली. तू घेतलीस आणि न उघडता काउंटरच्या खणात टाकलीस. मामा म्हणाले, “ताईसाहेबांनी चहा विचारला, पण वाचलं नाही.” मी त्यांना सांगितलंय, हे तिसरं तिने तुमच्यासमोर वाचल्याशिवाय बस हलवायची नाही. ते म्हणाले, प्रवासी मारतील मला. मी म्हटलं, मारू देत, पट्टी मी बांधते.

बघ, मला चेष्टाही सुचते. दोन दिवस झोप नाही, पोटात अन्न नाही, तरी सुचते. नवी सिस्टर माझ्याकडे असं बघते जसं काही मी कुठल्याही क्षणी फुटेन.

आज अकराला चौकशी समिती आली. तिघे जण. अध्यक्ष सोनेरी काड्यांचा चष्मेवाला, बोलायला अगदी मऊ. माझा फॉर्म त्याच्या फायलीत होता. म्हणाला, सिस्टर, तुमची चूक कुणी म्हणणार नाही, तुम्हाला सांगितलंच गेलं आग म्हणून. फक्त एक गोष्ट नोंदवायची आहे. तिथे त्या वेळी वायूबद्दल, वासाबद्दल कुणी काही बोललं होतं का? फॉर्ममध्ये ‘माहिती देणारा’ हा रकाना तुम्ही कोरा सोडलाय.

मी म्हटलं, आठवत नाही.

मग तो बाबांच्या खाटेशी गेला. गोदामात आत शिरलेल्यांपैकी सांगण्याजोगे शुद्धीवर तेवढेच. मास्कमुळे बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या उशाशी पाठकोरे कागद आणि पेन्सिल ठेवलीय. चष्मेवाल्याने तोच प्रश्न केला. आजोबा, तुम्ही पाणीपुरवठ्यात होतात, तुम्हाला वास ओळखता आला असेल. तुम्ही सिस्टरना काही सांगितलं होतं का?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारनंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. आणि लिहिलं, “नाही.” पेन्सिल ठेवली. पुन्हा उचलली आणि खाली लिहिलं, “मुलीने नियमाने केलं.”

चष्मेवाल्याने कागदाची घडी घातली, फायलीत ठेवली, थँक्यू म्हणाला आणि गेला. मी त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

ताई, बाबांनी सांगितलं होतं.

पट्टी बांधत होते तेव्हा. “छातीत आवळतंय” हे नंतरचं. आधी त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “अगं, हा आगीचा वास नाही. क्लोरीन आहे. लोकांना चालवू नकोस, खाली बसव.” स्पष्ट. असे एकेक शब्द. तीस वर्षं क्लोरीनच्या सिलिंडरांच्या खोलीत काम केलेला माणूस. त्यांच्यासमोर दोघे सोबती तसे गेले होते, चालत घरी गेले आणि गेले. आपल्याला त्यांनी कितीदा सांगितलं होतं.

आणि मला काय ऐकू आलं सांगू? मला ऐकू आलं, डोस जास्त पडलाय.

तेच नेहमीचं. पाण्यात क्लोरीन, चहात क्लोरीन, शेजारणीने धुतलेल्या चादरीत क्लोरीन. मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला सगळीकडे क्लोरीनच दिसतो. बाजूला व्हा, मला काम करू द्या.” रांगेतले दोघेतिघे हसलेसुद्धा. मीही हसले असेन. तोंडावर मास्क होता माझ्या, आणि मास्कच्या आत मी बाम चोळला होता. भाजलेल्या माणसांचा वास सहन होत नाही म्हणून आम्ही सगळ्याच चोळतो, मीच मुलींना शिकवते. नाकाला बामाशिवाय काहीही लागत नव्हतं. एकदा, फक्त एकदा तो मास्क खाली केला असता तर मलाही कळलं असतं. लहानपणी बाबा कामावरून आले की त्यांच्या शर्टाला तोच वास असायचा. तो मी ओळखणार नाही?

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. रस्त्यावरच्या कुणी अनोळखी माणसाने हे सांगितलं असतं तर मी त्याचं नाव लिहून घेतलं असतं, वेळ लिहिली असती, पहिली ओळ खोडली असती. बाप होते म्हणून ऐकलं नाही. आणि बाप होते म्हणूनच पिवळी बांधली नाही. दोन्हीकडून मारलं मी त्यांना.

समिती गेल्यावर मी खाटेशी गेले. म्हटलं, बाबा, असं का लिहिलंत? त्यांनी कागद ओढला. लिहिलं, “नोकरी सांभाळ. वस्तीला तू लागतेस.” आणि पुन्हा दाराकडे बघायला लागले.

मोठे डॉक्टर म्हणाले, उद्याचा दिवस गेला तर बघू. मी या धंद्यात वीस वर्षं आहे, ‘बघू’ म्हणजे काय मला कळतं. माझ्यासाठी येऊ नकोस. माझं तोंडही बघू नकोस, मी वॉर्डाबाहेर उभी राहीन. पण ये.

धाकटी


सोमवार, ता. १८, दुपारी एक
घर

ताई,

तू आलीस. मामांनी मला नंतर सांगितलं, बुधवारी संध्याकाळी परतीच्या फेरीत बस भर रस्त्यात उभी, मागे गाड्यांचे भोंगे, आणि तू काउंटरला टेकून वाचत होतीस. वाचून झाल्यावर शटर ओढलंस आणि त्याच बसमध्ये चढलीस. पर्सही घेतली नाहीस म्हणे.

गुरुवारी दिवसभर मी दाराच्या काचेतून तुम्हा दोघांना बघत होते. बोलल्याप्रमाणे आत आले नाही. तू त्यांचा हात धरून सारखी काहीतरी बोलत होतीस, मला ऐकू येत नव्हतं. दुपारी तू नळाचं पाणी ग्लासात आणलंस, चमच्याने ओठ ओले करायला. त्यांनी मास्क सरकवायला लावला, ग्लास नाकाशी नेला आणि तर्जनी वर केली. तू हसलीस आणि हसता हसता तोंड दाबून धरलंस. काचेपलीकडे मीही. माझ्याजवळ नवी सिस्टर उभी होती, तिला कळेचना आम्ही दोघी एकाच वेळी का रडतोय.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला ते गेले. तू जवळ होतीस. आईच्या वेळी जे तुला मिळालं नाही ते या वेळी मिळालं, एवढंच मी स्वतःशी घोकतेय. याने काही फिटत नाही, हे मला कळतं.

रविवारी तुला बसवर सोडायला आले. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस. पायरीवर पाय ठेवून वळलीस आणि विचारलंस, “त्यांना सांगितलंस?”

मी म्हटलं, “कुणाला?”

“समितीला.”

“नाही.”

“मग मला कशाला सांगितलंस?” म्हणालीस आणि आत जाऊन बसलीस. खिडकीसुद्धा उघडली नाहीस. सोनाराने कान टोचावेत तसे टोचलेस.

आज सकाळी नऊला मी समितीच्या त्या चष्मेवाल्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, माझा फॉर्म काढा. तो म्हणाला, सिस्टर, तुमच्या वडिलांचं लेखी उत्तर आहे, अहवाल लिहून तयार आहे, तुम्ही दुःखात आहात, घरी जा. मी म्हटलं, ते उत्तर खोटं आहे, ते बापाने लिहिलंय, साक्षीदाराने नाही. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग फाइल काढली. ‘माहिती देणारा’ या रकान्यात मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. वेळ, सकाळी अकरा पाच. माहिती, वायू क्लोरीन आहे, लोकांना चालवू नये. शेवटचा रकाना असतो, ‘केलेली कार्यवाही’. तिथे मी लिहिलं, दुर्लक्ष. सही केली.

आजपासून मला कामावर यायचं नाही. पुढचं ते कळवतील. नवी सिस्टर दारापर्यंत आली आणि म्हणाली, आता पट्ट्या कोण बांधणार? मी म्हटलं, तू. आणि मास्कमध्ये बाम चोळू नकोस. आणि आधी विचार, कुणाला काही वास येतोय का. म्हाताऱ्यांना विचार, वेड्यांना विचार, ज्यांना सगळे हसतात त्यांना पहिलं विचार. तिने वहीत लिहून घेतलं.

घरी आले. केंद्राची पिशवी परत करायची राहिली होती, ती रिकामी करत बसले. त्यात ती लहान बाटली निघाली. तुला माहीत नसेल. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती आहे ते बघायला आम्ही घरोघर वापरतो. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे, पाणी पिवळं पडतं. फिकट पिवळं पडलं की ठीक. वीस वर्षं ही बाटली माझ्या खांद्याला आहे. हजारो घरांत मी ते थेंब टाकले असतील.

आपल्या घरात एकदाही टाकले नव्हते.

बाबांचा ग्लास ओट्यावर तसाच पालथा होता. नळ थोडा वाहू दिला, ग्लास भरला, त्यातलं नळीत घेतलं. पाच थेंब. रंगाचं कार्ड शेजारी धरलं. पिवळं झालं, मग गडद झालं, मग नारिंगीकडे गेलं. कार्डावरच्या शेवटच्या खुणेच्याही पुढे. मला वाटलं माझी चूक झाली. नळी धुतली, पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं.

मी पाणीपुरवठ्याला फोन लावला. तिथल्या माणसाला रंग सांगितला. त्याने फोन बाजूला ठेवला, बघून आला, आवाज एकदम उतरलेला. म्हणाला, “हो बाई, तुमच्या गल्लीच्या टाकीचं डोसाचं यंत्रच बिघडलंय. रजिस्टर बघितलं, दोन-अडीच महिने जास्तच पडतोय. इतक्या दिवसांत कुणाची तक्रार नाही. तुम्हाला कसं कळलं?”

मी म्हटलं, “आमचे वडील म्हणत होते. रोज.”

तो म्हणाला, “मग तेव्हाच का नाही कळवलंत?”

ताई, मी अजून तो ग्लास हातात धरून बसलेय.

तुझी,
हवालदार